पिएदादबाईंच्या सज्जात लागलेला दिवा

किटो, सान मार्कोस
सोमवार सकाळ

प्रिय रोसाउराताईस धाकट्या एरिबेर्तोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि दारात आलेल्याला चोचीने हुसकावणारी तुमची ती टर्की, तिघांची खुशाली कळव. मी तब्येतीने ठणठणीत आहे. अब्रूचं मात्र विचारू नकोस. शुक्रवारपासून सगळ्या सान मार्कोसच्या लेखी माझं लग्न ठरलंय. नवऱ्या मुलाचं वय त्रेसष्ट. आणि येत्या रविवारी त्या बाईंना खरं काय ते सांगायचंय, ते माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे, दुकान बंद केल्यापासून (हल्लीच्या पोरांना दाढ्या वाढवायच्या असतात, न्हाव्याने काय करायचं?) मी संध्याकाळी एका सहल कंपनीतर्फे परदेशी पाहुण्यांना जुन्या गावातून हिंडवतो. अंगात काळा झगा, हातात कंदील, पाठीला गिटार. सहाला चौकातून निघायचं, दोन भुतांच्या गोष्टी, एक दारुड्या पाद्र्याची, आणि शेवटी सज्जाखाली प्रेमगीत. वर कंपनीने नेमलेली ग्लादिस नावाची मुलगी दिवा लावते, फूल टाकते, टाळ्या होतात, आठाच्या आत पाहुणे हॉटेलात. शुक्रवारी बघतो तर त्या इमारतीला रंगाऱ्यांनी परांची बांधलेली आणि सज्जा ताडपत्रीत गुडूप. पाहुणे आठ, त्यातल्या कॅनडाच्या एक बाई तर केवळ गाण्यासाठी आलेल्या. मला सुचली मागच्या गल्लीतली पिएदादबाईंची माडी. त्याच गं, बाळ येशूच्या मूर्तींचे कपडे शिवतात, चार वर्षांपूर्वी नवरा गेला त्या. बाई लेकीकडे इबार्राला गेलेल्या. घर रिकामं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तीन आठवडे त्यांच्या कुंड्यांना पाणी मीच घालतोय. (किल्ली मी मागितली नव्हती, त्यांनीच दिली. उगाच भुवया उंचावू नकोस.)

तर एक गुडघा टेकला आणि सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला वर दिवा लागला. ताई, बाई दुपारच्या बसने परतल्या होत्या. आता खिडकीखाली गाणं झालं आणि बाईने दिवा लावला म्हणजे होकार, हे तुला मी काय सांगू? तुझ्या एका दिव्यासाठी भावोजी तीनदा थंडीत कुडकुडले होते. दिवा लागल्यावर उठून जाणं म्हणजे भर गल्लीत त्या माउलीचा अपमान. मी गात राहिलो. एक झालं, दुसरं झालं. समोरचा जोडे शिवणारा सेगुंदो दारात येऊन ओरडला, "वा शेजारी! चार वर्षं लावलीत, पण केलंत एकदाचं! आता उठा, नाहीतर वरात खाटेवरून काढावी लागेल!" पाहुण्यांना वाटलं, हाही कंपनीचाच माणूस. त्यांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

पिएदादबाई शाल सावरत सज्जात आल्या. "एरिबेर्तो," म्हणाल्या, "चार वर्षांत मला कुणी जेवलीस का म्हणूनसुद्धा विचारलं नाही हो." आणि डोळे पुसले. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट ते डोळे आपणच पुसावेत असं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग आम्हा नऊ जणांना वर बोलावून त्यांनी दालचिनीचा गरमागरम कानेलासो पाजला, त्यात उसाची दारू अगदी सढळ हाताने. टेबलावर पंचवीस-तीस बाळ येशू, कुणी उघडा, कुणी एका बाहीचा. तिसऱ्या पेल्यानंतर कॅनडाच्या बाई हळूच मला विचारतात, एवढी सगळी बाळं यांचीच का?

दुसऱ्या दिवसापासून बेकरीवाली दोन पाव जास्त देते. पाद्रीबाबा तारीख विचारतात. पिएदादबाईंनी माझ्या तिथेच विसरलेल्या झग्याचा उसवलेला काठ शिवून पाठवला, आणि सोबत रविवारच्या जेवणाचं बोलावणं, "घरचं कुणी वडीलधारं असेल तर त्यांनाही आणा." आता वडीलधारं म्हणजे तूच. तू ये आणि त्यांना नीट समजावून सांग, की तो कार्यक्रमाचा भाग होता, एरिबेर्तो गाढव आहे. (हे तू आनंदाने सांगशील.) त्या बाईंना माझ्या तोंडाने दुखवण्यापेक्षा मी झग्यासकट पानेसियोच्या टेकडीवरून गडगडत खाली येईन.

तुझा घाबरलेला धाकटा,
एरिबेर्तो

ता. क. रविवारी आल्या आल्या विषय काढू नकोस. आधी जेवण होऊ दे. त्या बटाट्याचं सूप फार सुरेख करतात. (असं ऐकलंय.)

आणखी ता. क. (मंगळवार) पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. काल सोमवार, फेरी नव्हती. म्हटलं, ताईला कशाला त्रास, आपणच सांगावं. संध्याकाळी गेलो आणि सगळं ओकलो, परांची, ग्लादिस, रिकामं घर, सगळं. पिएदादबाई एका येशूला बटण लावत होत्या, मान वर केली नाही. दोरा तोडून झाल्यावर म्हणाल्या, "मला काय कळत नाही? मागे आठ माणसं उभी करून कोण गातं? गाणं तुमच्या कंपनीचं होतं, एरिबेर्तो. दिवा माझ्या घरचा होता."

ताई, मी ढसाढसा रडलो. त्यांनी हातात होतं तेच कापड पुढे केलं, बाळ येशूच्या अंगरख्याला नाक पुसलंय मी. तेव्हा समजवायला येऊ नकोस. मागणी घालायला ये. तुमच्या लाताकुंगाची बिस्किटं आण, पानात गुंडाळलेलं चीज आण, भावोजींना कोट घालून आण, आणि शनिवारीच ये, कारण रविवारपर्यंत मला धीर निघणार नाही.