अक्कांसाठी नेट

बरकतपुरा, रविवार संध्याकाळ

आज घोळ मीच घातला. जुना लॅपटॉप फार रेंगाळायचा, म्हणून दुपारी सगळं पुसून लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकली. चालतो झकास, पण वायफाय कुठं दिसेचना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, नाही, आणि तो उतरवायलाच नेट हवं. आता?

हिची थोरली बहीण, अक्का, नांदेडला अंथरुणाला खिळलेल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉल लावणार होता. हिला फोनवर चेहरा ओळखू येत नाही, मोठाच पडदा लागतो.

"चांगला चालत होता की, अहो," एवढंच म्हणाली. केस विंचरून तयार बसलेली.

मग सुचलं. फोन केबलनं लॅपटॉपला जोडला, फोनचंच नेट त्याला दिलं. लागला कॉल.

अक्कांना आता बोलता येत नाही. हीच बोलत राहिली. "हौ अक्का, जेवले मी. तू नक्को परेशान होऊ." त्या नुसत्या बघत होत्या. बराच वेळ.

नंतर मी ड्रायव्हर उतरवायला बसलो, तर हिनं मनगट धरलं. "पुन्हा बिघडलं तर? अक्का आहे तोवर काही करू नका त्याला."

बरं म्हटलं. लॅपटॉप तसाच मिटून ठेवला.