माकडहाडाशेजारचा सांधा

आई, तू जाऊन अठरा वर्षं झाली. माझं ऑपरेशन झालं आणि कालपासून मी कुबड्यांशिवाय चालते, हे तुला सांगायचं होतं.

धाकटीच्या बाळंतपणानंतर उजव्या कुल्ल्यात मागच्या बाजूला कळ धरली, ती चार वर्षं सुटली नाही. लोणी देवकरला कंपनीत आठ तास उभं राहायचं आणि घरी कूस बदलतानाही दात आवळायचे. पट्टा झाला, व्यायाम झाले. मणक्याचा एमआरआय चांगला आला तेव्हा सगळे म्हणाले, मनाचं आहे. मी मानलं नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी त्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिलं आणि दोन-तीन तास मी सुखानं जिने चढले-उतरले. म्हणजे दुखणं इथलंच, ते म्हणाले. माकडहाडाच्या वरचं हाड आणि खुब्याचं हाड जुळतं तो सांधा सैल झालेला. बाजूला बोटभर छेद घेऊन तीन सळया घालायच्या, भोवती हाड वाढून सांधा जखडतो. सहा आठवडे पायावर पूर्ण भार नाही, वजन उचलायचं नाही, खरा फरक कळायला सहा महिने, आणि थोडं दुखणं राहूही शकतं. मी म्हणाले, "राहू दे थोडं. करा ऑपरेशन."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून दहा पावलं टाकली. टाक्यांची आग होत होती, पण ती जुनी कळ नव्हती. तिथं उभी असतानाच मला अंथुर्ण्याचा मळा दिसला. वांगी तोडता तोडता तू बांधाला टेकतेस, हात मागं, उजव्याच बाजूला. मी नववीत आहे, शाळेला उशीर होतोय. तुझ्या वाटचं पण मीच तोडायचं का, असं तुला ऐकवते.

"व्हय गं, जरा कळ आलीय. आत्ता जाईल," म्हणतेस आणि पुन्हा वाकतेस. दवाखान्यात तुला वय झालं म्हणून गोळ्या दिल्या होत्या. तू चाळिशीचीही नव्हतीस.

पुढच्या महिन्यात मी कामावर जाणार. बसायचं काम मागितलंय. नाही दिलं तर भांडून घेईन. दोन्ही पोरींनाही सांगून ठेवलंय, दुखलं की बोलायचं.

हे पत्र एक्सरेच्या पाकिटात ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मी लगेच नाही म्हणाले. लपवलं नाही गं. मला तू आठवलीच नाहीस.