अकरा खिडक्यांचं लग्न

४ फेब्रुवारी

चि. भाऊ, सौ. वहिनी आणि लाडकी भाची यांस अक्काचे भरघोस आशीर्वाद.

माझ्या माणसांनो, आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे: पाच वर्षं झाली, आपण एका छपराखाली जेवलेलो नाही. तुम्ही अंगणात, मी खिडकीत. वहिनी म्हणते मी जास्तच जपते, भाऊ म्हणतो कमी जपते आणि नातेवाईक म्हणतात, साथ कधीच संपली, अक्काचंच संपत नाही!

पुन्हा एकदा ऐका. भावाने दिलेलं मूत्रपिंड माझ्या अंगात नऊ वर्षं सुखाने नांदतंय. शरीराने त्याला परकं समजून हाकलू नये म्हणून मी ज्या गोळ्या घेते, त्या माझ्या पहारेकऱ्यांनाच झोपवतात. तुमची चार दिवसांची सर्दी म्हणजे माझा महिनाभराचा दवाखाना. म्हणून मी मास्क लावते आणि माणसांनी भरलेल्या बंद खोलीत बसत नाही. बाकी झाडावर चढायलाही तयार आहे.

पण भाचीचं लग्न मी फोनच्या पडद्यावर बघणार नाही! तिला पहिलं अक्षर मी गिरवायला लावलं. ती लग्नाची सही करेल तेव्हा मी शेजारी उभी असणार. सोबत हवा मोजायचं यंत्र पाठवते. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय ते आकड्यात दिसतं. बाहेर आकडा चारशेच्या आसपास असतो. भाऊ, लग्नाच्या सभागृहात तो आठशेच्या आत ठेव, मी आलेच म्हणून समज.

लोभ भरपूर आहे, आता हवा तेवढी बघ.
अक्का

११ फेब्रुवारी

ती. अक्कास, साष्टांग नमस्कार.

घात झाला. रिकाम्या सभागृहात यंत्र लावलं, मी एकटाच होतो, तरी आकडा एकोणीसशे! तिथल्या अकराही खिडक्या मीच बसवलेल्या. वाऱ्याची झुळूक आत शिरणार नाही अशी हमी दिली होती आणि वीस वर्षं त्याच कामावर मिशीला पीळ देत होतो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या चोख कामाची लाज वाटली. चष्मा पुसून, यंत्राला नाक टेकवून पुन्हा पुन्हा वाचलं, तर आकडा वाढतच गेला.

शेवटी व्यवस्थापकांच्या हातापाया पडून अकराही खिडक्या चौकटीसकट उचकटल्या आणि कारखान्यात आणून ठेवल्या. तरी बाराशे! आता काय छप्पर काढू?

नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, एका बाईपायी सगळ्यांना कुडकुडवता काय? मी म्हटलं, माझी एक वस्तू त्या बाईकडे ठेवायला दिली आहे, तिची काळजी नको? पण तुला येऊ नको म्हणायची वेळ येणार, या विचाराने पोरगी दोन दिवस जेवली नाही. काहीतरी सुचव.

तुझी माया आहे तशी असू दे.
भाऊ

१५ फेब्रुवारी

चि. भाऊस आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की तुझी ठेवायला दिलेली वस्तूही हलली. अरे खिडकीवाल्या, यंत्राला नाक टेकवलंस तर ते तुझाच श्वास मोजणार! टेबलावर ठेव, लांब जाऊन बस, पंधरा मिनिटांनी श्वास रोखून पुढे हो आणि वाच. मग वहिनीच्या शिवणवर्गातल्या सगळ्या जणींना तासभर तिथे बसव. त्या बोलणारच, म्हणजे परीक्षाही कडक होईल.

आणि खबरदार, लग्नाआधी त्या खिडक्या परत बसवल्यास तर! पाहुण्यांना शाली आणायला सांग.

हसू आवरत नाही, म्हणून इथेच थांबते.
अक्का

१६ मार्च

ती. आत्यास तुझ्या नवपरिणीत भाचीचा नमस्कार.

लग्नाला दोन आठवडे झाले आणि तुला साधी शिंकही आली नाही, हे वाचून बाबा पुन्हा नाचले. पहिल्यांदा नाचले ते शिवणवर्गाच्या दिवशी, आकडा सहाशे दहावर थांबला तेव्हा.

मला मात्र अजून माझ्या हातावरचा तुझा हात आठवतो. मी सही करत होते आणि मास्कच्या वर तुझे डोळे मिश्कील हसत होते. दोन मिनिटं बोलते म्हणालीस आणि चांगली पंचवीस मिनिटं बोललीस. शालीतून टाळ्या वाजत नाहीत म्हणून लोकांनी पाय आपटले!

तुला ठाऊक नाही ते सांगते. हवा मोकळी ठेवली तर आमच्यासारख्यांना घरात कोंडायला नको, असं तू म्हणालीस आणि भाषण अर्ध्यावर असतानाच, थंडीची तक्रार करणारे माझ्या सासरचे काका उठून गेले. आम्हाला वाटलं, रागावले. काकूंना सांधेदुखीवर तुझ्यासारख्याच गोळ्या चालू आहेत, म्हणून जपायच्या नावाखाली त्यांना घरीच ठेवलं होतं. काका त्यांना घेऊन आले, दोघांच्याही तोंडावर मास्क. काकू तीन वर्षांनी लग्नात बसल्या. आता त्या मला विचारतात, आत्याबाई पुढचं भाषण कुठे देणार?

तुझीच,
भाची

२० मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

काकूंना सांग, भाषणं पुरे झाली, आता काम. दर महिन्याला रक्त तपासायला मी ज्या दवाखान्यात जाते, तिथल्या बसायच्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस आजारी माणसं दोन-दोन तास एकमेकांचा श्वास घेत बसतो. तिथल्या तिन्ही खिडक्या जुन्या रंगाने चिकटल्या आहेत. बाहेर वारा फुकट वाहतोय आणि आम्ही आत घुसमटतोय! डॉक्टरीणबाईंशी भांडून मी लेखी परवानगी मिळवली आहे.

सोमवारी सकाळी नऊ वाजता पटाशी आणि हातोडी घेऊन दवाखान्याच्या दारात ये, आणि त्या तिन्ही खिडक्या उघड.

वाट बघते आहे.
तुझी अक्का