ड्रममधलं परवाचं पाणी

मोशी,
१४ मे २०२५

प्रिय स्वरूपा,

तुला आणि इराला खूप आशीर्वाद. इराचे जुलाब पूर्ण थांबले का? काल तुझ्या आईंना फोन केला, तेव्हा "बरी आहे" एवढंच म्हणाल्या. पुढं विचारायचा मला धीर झाला नाही.

इथं नळाला अजून दिवसाआडच पाणी येतं. तू शिकवलेलं सगळं करते. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला. सलिल चाकणहून दमून येतो आणि जेवून झोपतो. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर पेल्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतायला लावायच्या. घरी माझ्या आईची रीत वेगळी. नळ आला की शिळं पाणी ओतायचं, हंडा लख्ख घासायचा, ताजं भरायचं. तो हंडा तिच्या कमरेवर कसा चमकायचा, अजून दिसतो मला. साठी उलटली तरी हाताला वळण तिचंच.

त्या दिवशी तू सकाळच्या शिफ्टला गेलीस आणि मी ड्रममधलं परवाचं पाणी मोरीत सोडलं. अर्ध्याहून जास्त होतं. नळ यायला तासच होता. ड्रम घासून उपडा घातला आणि वाट बघत बसले. मग सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, मोठी पाइपलाइन फुटली आहे, दोन दिवस पाणी नाही.

संध्याकाळी सलिल तुला म्हणाला, "साधा ड्रम भरून ठेवता येत नाही? घरात लहान पोर आहे."

"मी काठोकाठ भरला होता. आई, तुम्ही पाहिलात ना?"

"मी कशाला बघायला जाते तुझा ड्रम," मी म्हणाले.

तू माझ्याकडे बघतच राहिलीस. मला वाटलं, टँकर येईल, विषय संपेल. टँकर आला. त्याच पाण्यात इराची बाटली मी विसळली. दोन दिवसांनी पोरीला सलाइन लागलं. दवाखान्यात सलिल तुला नाही नाही ते बोलला, तेव्हा मी शेजारीच तिचं दुपटं धरून उभी होते. एकुलता एक मुलगा, त्याच्या मनातून उतरायची भीती वाटली. तू तिथूनच इराला घेऊन माहेरी, काळेवाडीला गेलीस.

सलिलला अजून सांगितलेलं नाही. तीनदा बोलायला गेले आणि तीनदा "भाजी वाढू का" एवढंच विचारून परत आले. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. आज तो आला की त्याच्या हातात देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. "आधी तू वाच, मग स्वरूपाला नेऊन दे," असं त्याला सांगणार आहे.

तो दारात आला तर त्याला आत घे. मी तू बोलावशील तेव्हाच येईन.

'आई' अशी सही तू म्हणशील तेव्हा करीन. आत्ता नुसती,

अरुंधती