चार दिवसांचं पाणी

बाई, गेल्या महिन्यात बंगळूरला, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर बसून, मी तुमची खाडी पाहिली. पडद्यावर. वरून, उपग्रहातून काढलेली. कारवारच्या खालच्या अंगाला नदी समुद्राला मिळण्याआधी जे वळण घेते ते मी लगेच ओळखलं, मग बांधाची रेघ, मग उघाडीचा, बांधातल्या फळ्यांच्या दाराचा, ठिपका. आमची कंपनी किनाऱ्यावरच्या जमिनींचे नकाशे करते. कुठे शेती आहे, कुठे झाडी, कुठली जमीन पडून आहे, ते संगणकाला शिकवून रंग भरायचे आणि ज्याला हवे त्याला द्यायचे, असं काम. तर त्या नकाशात तुमची सगळी खाजणं, खाडीकाठची ती खारी शेतं, फिकट निळी होती. फिकट निळा म्हणजे पाणथळ, वापरात नाही. माझ्या शेजारी बसणारी पुण्याची मुलगी म्हणाली, "मॅम, इथे वर्षातले आठ महिने पाणीच दिसतंय. डेटा तर हेच सांगतोय ना." मी विचारलं, "आणि उरलेले चार महिने?" ती म्हणाली, "तेव्हाचे फोटो ढगांनी भरलेत. ते मॉडेल घेतच नाही." त्या चार महिन्यांतच तिथे भात असतं, बाई. उरलेलं वर्ष लोक खारं पाणी आत घेऊन मासळी धरतात, आणि पावसाने मीठ धुऊन निघालं की पुन्हा लावणी. हे मला तुम्ही पहिल्याच आठवड्यात बांधावरून चालता चालता सांगितलं होतं, आणि माझं लक्ष माझ्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे होतं.

मी निपाणीची. तंबाखूच्या आणि जोंधळ्याच्या मुलखातली. समुद्र मी सहलीत एकदा पाहिलेला. तुमच्या भात संशोधन केंद्रावर आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आणि खरं सांगायचं तर रडकुंडीला आले होते. तीन खोल्या, एक प्रयोगशाळा, कपाटातल्या कागदांनासुद्धा बुरशी. आपल्या दोघींच्या राहायच्या खोल्यांमध्ये एक सामाईक स्वयंपाकघर. तुम्ही सकाळी उठून पेज करायचात, तांबड्या तांदळाची, आणि वर सुका बांगडा भाजायचात. मला भाकरी हवी असायची. एकदा तुम्ही कुठूनसं जोंधळ्याचं पीठ पैदा केलंत, आणि मला म्हणालात, "मला थापता येत नाही. तू थाप, मी भाजते." तुमची भाकरी एका बाजूने नेहमी करपायची. त्या स्वयंपाकघराची खिडकी खाडीकडे उघडायची, आणि तुम्ही तव्यावरची नजर काढून मधूनमधून भरतीकडे बघायचात, जसं एखादी बाई बोलता बोलता पाळण्याकडे बघते.

तुमचं काम साधं होतं, निदान सांगायला. खाऱ्या पाण्यात टिकणारं भात त्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतंच. तुम्ही त्यातून उभं राहणारं, न लोळणारं वाण निवडत होतात, आणि प्रयोग केंद्राच्या वाफ्यात न करता खाडीकाठच्या एका बाईच्या शेतात करत होतात. तिला सगळे अक्का म्हणायचे, तुम्हीही. वाणाची शिफारस व्हायला सलग पाच हंगामांच्या नोंदी लागत. मी आले तेव्हा चौथा चालू होता. लावणीआधी रोज शेतातल्या पाण्यातलं मीठ मोजायचं, आकडा उतरला की अक्काला निरोप द्यायचा, "लाव." तो आकडा मोजायचं काम माझं होतं.

जुलैत तुम्ही हेड ऑफिसच्या बैठकीला गेलात, चार दिवस. मला बंगळूरहून मुलाखतीचं बोलावणं आलेलं होतं, आणि ते मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं. तुमची बस गेली आणि दुपारच्या बसने मी निघाले. मुलाखत इंदिरानगरात होती, काचेच्या इमारतीत, आणि तिथल्या थंड हवेत मला वाटलं की मी आजवर श्वासच घेतला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी परत आले. नोंदवही उघडली, चारही दिवसांच्या जागा रिकाम्या. पावसाळा आहे, मीठ धुतलंच जात असणार, असा विचार करून मी चार आकडे लिहिले, एकाखाली एक, उतरते. शेतावर जायला वीस मिनिटं लागली असती. मी अंघोळ केली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, वही पाहिलीत आणि अक्काला निरोप पाठवलात. पाच बायका घेऊन तिने दिवसभरात लावणी उरकली. तिसऱ्या दिवशी रोपांचे शेंडे पांढरे पडले, मग करपले. तुम्ही यंत्र घेऊन एकट्याच गेलात. परत आलात तेव्हा मी कांदा चिरत होते. तुम्ही वही ओट्यावर ठेवलीत.

"उघाडीची एक फळी मोडली आहे. गेल्या आठवड्यातल्या उधाणात मोडली. वहीतल्या या चारही दिवसांत समुद्र आत येत होता." मग पानावर बोट ठेवलंत. "चारही दिवसांचं अक्षर एकाच बैठकीतलं आहे. आणि आकडे किती सुंदर उतरतायत बघ. खाडी इतकी शहाणी नसते गं."

मी चिरलेला कांदा ताटलीत सारला.

"कुठे होतीस?"

"बंगळूरला. मुलाखतीला."

"रजा मागितली असतीस तर दिली असती." एवढं बोलून तुम्ही छत्री उचललीत. "चल. अक्काला सांगायचंय. मी सांगणार नाही, तू सांगायचंस."

त्या वाटेवर तुम्ही माझ्या पुढे चालत होतात आणि मला तुमची पाठ दिसत होती, एवढंच आठवतं. अक्का दारात जाळं नीट करत बसलेली. मी तिला माझ्या अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की आकडे मी मनाने लिहिले. तिने मान वर केली नाही. हातातली गाठ मारून म्हणाली, "चार दिवस कोण आलं नाही ते मी बघितलं होतं. मला वाटलं, तुमच्याकडे न येता मोजायचं यंत्र असेल." मग माझ्याकडे पाठ करून तुम्हाला विचारलं, "तरव्याची रोपं कोणाकडे उरली असतील?"

पुढचे दिवस मला दिवसांसारखे आठवत नाहीत, एकच लांबलचक चिखल आठवतो. सुताराने फळी बसवली. ओहोटीला पाणी सोडायचं, पाऊस साठवायचा, पुन्हा सोडायचं. मी सकाळ-संध्याकाळ मोजत होते, आणि माझ्यामागून अक्काही बोट बुडवून चव बघत होती. मी आकडा सांगायच्या आत ती "सरी", म्हणजे ठीक, किंवा "अजून नाही" म्हणायची, आणि ती एकदाही चुकली नाही. सात घरांतून उरलीसुरली रोपं गोळा केली. लावणीला मी उतरले. माझी रोपं वाकडी लागायची, अक्का मागून येऊन मुकाट्याने उपटून सरळ लावायची. तुम्हीही साडी खोचून उतरलात. तेव्हा तुम्ही सत्तावन्न वर्षांच्या होतात आणि तुमचे गुडघे दुखत असत, हे मला माहीत होतं, पण ते मी आज लिहिते आहे.

पीक बरं आलं त्या वर्षी. कोणाला काही कळलं नसतं. तरी तुम्ही त्या चार तारखांसमोर तुमच्या अक्षरात 'नोंद नाही' लिहिलंत, रोपं मिसळलेली म्हणून सगळा हंगाम बाद केलात, आणि अहवालात 'जबाबदारी माझी' एवढंच. माझं नाव नाही. सलग पाच हंगाम पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते आणि तुमची नोकरी तीन वर्षं उरली होती. मी म्हणाले, "बाई, चारच ओळी आहेत. राहू द्या ना." तुम्ही म्हणालात, "त्या ओळींवर उद्या कोणीतरी लावणी करेल."

मी केंद्र सोडून बंगळूरला गेले त्या दिवशी तुम्ही मला शिफारसपत्र दिलंत, पाकीट उघडंच. मी बसमध्ये वाचलं. त्यात लिहिलं होतं की हिने एकदा खोट्या नोंदी केल्या, त्यानंतर शेतात उतरून त्या निस्तरल्या, आणि तेव्हापासून हिची वही मला तपासावी लागली नाही. मला इतका राग आला, बाई. वाटलं, चांगलं लिहायचं नव्हतं तर लिहायचंच कशाला. ते पत्र मी कोणाला दाखवलं नाही. त्याहून मोठी शाबासकी मला पुढे कोणीच दिली नाही, हे समजायला मला दहा वर्षं लागली, आणि तोवर तुम्ही निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेला होतात. दिवाळीला मी फोन करायचे. तुम्ही विचारायचात, "तिकडे पाऊस कसा आहे?" मी म्हणायचे, "ठीक आहे." एवढंच आपलं बोलणं.

तर तो नकाशा. मी साहेबांना सांगितलं की ही शेतं आहेत, मी तिथे उभी राहिले आहे. ते सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, "तुमचा शब्द मी मानतो, पण रिपोर्टमध्ये शब्द कसा भरू?" मग मी रजा मागितली आणि गेले. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, भात पिवळं पडायला लागलेलं. केंद्राला कुलूप. अक्का आहे, बाई. कंबरेत वाकली आहे, पण आहे. मी कोण ते सांगावं लागलं नाही. मी चार दिवस राहिले, प्रत्येक खाजणाच्या कडेने चालले, पाणी मोजलं, फोटो काढले, कोणी काय पेरलं ते विचारून लिहिलं. तुमचं वाण कुठलं, असं विचारल्यावर अक्का हसली. "आता कोण वेगळं काढणार? तुमचं, आमचं, सगळं मिसळलं. पण लोळत नाही पहिल्यासारखं."

परत येऊन मी सगळं मांडलं. त्या एका खाडीचा रंग बदलला, आता ती हिरवी आहे. तिच्या वरच्या आणि खालच्या खाड्या मात्र निळ्याच राहिल्या, फक्त तळाला बारीक अक्षरांत टीप आली की पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहणी व्हावी. ती टीप कोणी वाचेल की नाही मला ठाऊक नाही. पुण्याची मुलगी म्हणते, पुढच्या जुलैत ती माझ्याबरोबर येईल. तिला पोहता येत नाही, म्हणून घाबरते आहे. मी तिला सांगितलं, पाणी गुडघ्याएवढंच असतं.

मला तुमची फार आठवण येते, बाई. कामाच्या वेळी नाही, कामाच्या वेळी तुम्ही असताच. भाकरी करपली की येते.

हे तुमच्या भावाच्या पत्त्यावर पाठवता येईल, पण त्यांनी हे वाचून काय करायचं. इथेच राहील. फक्त एक गोष्ट लिहायची राहिली. निघताना अक्काने विचारलं, "बाई गेल्या तेव्हा तू आली नाहीस ती?" मी म्हणाले, मला उशिरा कळलं. सगळ्यांना मी तेच सांगत आले आहे. तुम्ही गेल्याचा तुमच्या भावाचा फोन मला त्याच सकाळी आला होता. डिसेंबर होता, मी जयनगरला थोरल्या बहिणीकडे होते. दुपारची बस होती, सुट्टीही होती. बहिणीने विचारलं, "कोणाचा फोन?" मी म्हणाले, "ऑफिसचा," आणि संध्याकाळपर्यंत तिच्याबरोबर अवरेकाईच्या शेंगा सोलत बसले.