सदतिसावा शब्द

सिदोआर्जो,
ता. ४ जुलै १९९४

चि. सेकारला पाकदे काकाचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बांडुंगच्या थंडीत तू दोन-दोन मोजे घालून झोपतेस हे वाचून तुझी बुदे काकू आधी रडली आणि मग कोळंबीचे पापड तळायला बसली. डबा वेगळा पाठवतोय. वसतिगृहातल्या मैत्रिणींना वाटून खा. एकटीने संपवलास तर मला कळेल.

आता आमची रडकथा. धाकट्या मालकांनी गादीच्या फोमसाठी नवं मशीन आणलंय. बादल्या, घोटायची काठी, लाकडी साचे, सगळं बंद. एका टोकाला औषधं ओतायची की दुसऱ्या टोकाला बारा हात लांब ठोकळा तयार. मशीन चांगलं आहे, उगीच नावं कशाला ठेवू? पण त्यांनी फर्मान काढलंय की मशीनचा मुकादम परीक्षा पास झालेलाच हवा. चाळीस इंग्रजी शब्द, त्यातल्या चोविसांचे अर्थ बरोबर यायला हवेत. नाही जमलं तर माझी रवानगी मागच्या शेडमध्ये, उशांत कात्रणं भरायला. अगं, बावीस वर्षं मी फोम फुलवला, आणि आता चिंध्या कोंबत बसू?

मी सहावी शिकलेला माणूस. तू होणार केमिकलची इंजिनियर. यादी सोबत जोडली आहे, तेव्हा आता काकाला शिकव. आणि हसलीस तर पापड परत मागवीन.

लोभ पापडासारखा असावा, तळल्यावर दुप्पट व्हावा.
तुझा,
पाकदे वागिमान

बांडुंग,
ता. १३ जुलै १९९४

ती. पाकदे आणि बुदे यांना सेकारचा आदरपूर्वक सलाम, वि. वि.

पापड आले आणि दोन दिवसांत संपले. कुणी संपवले ते विचारू नका.

मी हसले नाही, पाकदे. उलट यादी वाचून मीच पुस्तक उघडलं, कारण यातले अर्धे शब्द परीक्षेत मलाही धड आले नव्हते. चाळीसही अर्थ वेगळ्या कागदावर लिहिलेत, तो स्वयंपाकघरात चिकटवा. नमुन्याला थोडे इथे देते. ‘क्रीम टाइम’ म्हणजे रसायनं एकत्र आल्यापासून मिश्रणाचा रंग पालटून ते दाटू लागेपर्यंतचा काळ. ‘जेल टाइम’ म्हणजे द्रवात घट्ट जाळं तयार होईपर्यंतचा काळ. ‘स्कॉर्च’ म्हणजे अंतर्गत उष्णतेमुळे ठोकळ्याच्या गाभ्याला येणारा पिवळा-तपकिरी रंग. आणि सदतिसावा, ‘ब्लो-ऑफ’, म्हणजे फुगण्याच्या अखेरीस पृष्ठभागावरचे बुडबुडे फुटून वायू बाहेर पडण्याची अवस्था.

हे सगळं पुस्तकातून उतरवलंय. खरं सांगू? मी फोम फुगताना आजवर एकदाही पाहिलेला नाही. लहानपणी तुमच्या सदऱ्याला त्याचा वास यायचा, तेवढीच आमची ओळख. कुणाला सांगू नका हं, लाज वाटते.

रोज पाच शब्द पाठ करा. बुदे, तुम्ही त्यांची तोंडी परीक्षा घ्या आणि दयामाया दाखवू नका.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी दर पत्रात लिहीत जावं.
तुमची,
सेकार

सिदोआर्जो,
ता. २२ जुलै १९९४

चि. सेकारला सप्रेम सलाम, वि. वि.

तुझा कागद मिळाला. बुदे नारळ खवता खवता प्रश्न विचारते आणि चुकलं की खवणी माझ्यावर उगारते. दयामाया दाखवू नका हे तिला लिहायची काही गरज होती का गं?

पण पोरी, तुझी पुस्तकं किती लांबण लावतात! क्रीम टाइमला आम्ही ‘नारळाचं दूध’ म्हणतो. औषधं एकत्र घोटली की पाण्यासारखी असतात, आणि एका क्षणी पांढरी, दाट होतात. झालं की! जेलला म्हणतो ‘तार’. काडी बुडवून उचलली की पाकासारखी तार सुटते. स्कॉर्च म्हणजे ‘पोट जळलं’. बाहेरून ठोकळा गोरापान, कापला की आत करपलेला. आणि तुझा तो सदतिसावा म्हणजे आमची ‘ढेकर’! ठोकळा पुरता फुगला की त्याच्या पाठीवर बारीक बुडबुडे फट्फट् फुटतात आणि तो बोटभर खाली बसतो. जेवण अंगी लागलं म्हणायचं. ढेकर आली नाही तर हवा आत कोंडते आणि गार झाल्यावर ठोकळा आक्रसतो. नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो की ढेकर ऐकल्याशिवाय जेवायला जायचं नाही.

कळतं सगळं गं, लिहिताना मात्र घाम फुटतो. इंग्रजी अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. परीक्षा एक तारखेला, सोमवारी आहे. त्याच दिवशी मशीनचा पहिला मोठा ठोकळा निघणार. सुराबायाचे इंजिनियर पाक हेंद्रातो दोन्ही बघायला येतायत. उशांच्या शेडमध्ये काल जाऊन आलो. तिथे खिडकीसुद्धा नाही. भीती वाटते, सेकार. बुदेला बोललो नाही, तुला लिहितोय.

लोभ ठेव, आणि सोमवारी माझ्यासाठी दुवा माग.
तुझा,
पाकदे

सिदोआर्जो,
ता. ३ ऑगस्ट १९९४

चि. सेकारला बुदेचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझ्या काकांना सवड नाही, म्हणून मी लिहितेय. घाबरू नकोस, सगळं शेवटपर्यंत वाच.

सोमवारी परीक्षा कारखान्यातच झाली. समोर काचेपलीकडे मशीन चालू होतं. आदल्या दिवशीच्या चाचणीत ठोकळ्याला भेग गेली होती, म्हणून पाक हेंद्रातोंनी फोम लवकर घट्ट करणारं कथिलाचं औषध वाढवलं होतं. ठोकळा मोठ्या दिमाखात फुगला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे मात्र पेन खाली ठेवून टक लावून बसले. मग खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि पेपर दिला.

संध्याकाळी निकाल लागला. तेवीस! अगं, एका उत्तराने घात केला. सदतिसाव्यापुढे भला मोठा भोपळा. यांच्या हाताखालचा दिर्मान सांगत होता की यांनी तिथे अर्थ लिहिलाच नव्हता. घरी आले ते थेट आडवे झाले. पास झाल्यावर करायच्या पिवळ्या भातासाठी मी हळद किसून ठेवली होती, ती झाकून ठेवली. माझ्याशी भांडलेसुद्धा नाहीत, तेव्हा मला खरं रडू आलं. येत होतं तर लिहायला काय झालं होतं, असं चारदा ओठांवर आलं, पण गिळलं.

मंगळवारी सकाळी हे उशांच्या शेडकडे निघाले, तर मशीनपाशी ही गर्दी! सोमवारचा ठोकळा आक्रसला होता. दोन्ही कुशी आत ओढलेल्या, पाठीला खोल खळगा, वाळलेल्या फणसासारखा. पाक हेंद्रातो त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून ऑफिसात गेले आणि यांचा पेपर काढून पुन्हा वाचला. सदतिसाव्या शब्दापुढे तुझ्या काकांनी लिहिलं होतं, “हे आज झालेलं नाही. ठोकळा उद्या सकाळी बघा.”

सगळ्यांदेखत त्यांनी तो भोपळा खोडून तेविसाचे चोवीस केले, गं! मग यांना मशीनपाशी नेऊन औषध किती कमी करायचं ते विचारलं. दुपारी दुसरा ठोकळा काढला. त्याच्या पाठीवर बुडबुडे फुटले तेव्हा आधी ओरडले कोण, तर पाक हेंद्रातो! ढेकर, ढेकर म्हणून नाचायचेच बाकी राहिले होते म्हणे.

आज पिवळ्या भाताचा डोंगर केला आणि आळीभर वाटला. तुझ्या वाटणीचा मीच खाल्ला. पापडांचा हिशेब चुकता झाला. हे इतके बोलतायत की मला परवाची शांतता आठवायला लागली आहे.

लोभ कर, आणि आमच्यावर करतेस त्याहून जरा जास्त स्वतःच्या तब्येतीवर कर.
तुझी,
बुदे कार्ति

ता. क. – सोळा शब्द चुकलेत, ते सुट्टीत येऊन शिकव. मीही तुला ठोकळा फुगताना दाखवीन. ढेकर ऐकल्याशिवाय जेवायला मिळणार नाही.
– वागिमान, मुकादम