रिकामं चालणारं मशीन

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. (इतकं वाकायचं कारण पुढे येईल.) भाऊजींची पाठ आता बरी असेल. भाचा कॉलेजात जातो की नुसताच घरातून निघतो, तेही कळव. आमची चिंगी अडीच महिन्यांची झाली, चांगलं बाळसं धरलंय. बाकी सर्व ठीक, असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलून आजवर कधी पचलेलं नाही.

झालं असं, की बाळंतपणानंतर तुझी भावजय दिवसातून तीन-तीनदा वॉशिंग मशीन लावू लागली. मी म्हटलं, तान्ह्या बाळाचं घर आहे, लावू दे. पण एकदा झाकण उघडून पाहतो तर आत एक कपडा नाही! मशीन आपलं रिकामंच गरगरतंय. गावभरची मशीनं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात असं व्हावं? विचारलं तर म्हणाली, "चुकून लागलं." माणूस चुकत नाही, बटण चुकतं, हे माझं पंधरा वर्षांचं ज्ञान. मी बटणं बदलली. मग टायमर बदलला. (तिचा चेहरा उतरला होता, जेवण जात नव्हतं, चिंगी झोपली तरी हिला झोप नव्हती. पण त्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही.) वर शहाणपणाही शिकवला, की एवढं गोड बाळ आहे, हसावं माणसानं. फोनवरून आईनेही माझीच री ओढली. शेवटी एका रविवारी अख्खं मशीन खोललं, बेअरिंग नवं घातलं, पायांखाली रबर दिलं. असं गप्प केलं, की चालू आहे हे दिवा पाहून कळावं. मग स्वतःचीच पाठ थोपटत चहाला बसलो.

दुपारी तिने मशीन लावलं आणि मला तिचं रडणं ऐकू आलं. ती रोज त्या आवाजाआड रडत होती, ताई. तेवढा आडोसाही मी काढून घेतला. तिच्याशेजारी जमिनीवर बसलो, तर म्हणाली, "मी हिची आई व्हायच्या लायकीची नाही." दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. आजार आहे, नाटक नाही, आणि तो बरा होतो. औषध सुरू झालंय (अंगावर पाजताना चालणारं), आठवड्यातून एकदा ती त्यांच्याशी बोलायला जाते, पहाटे चिंगीला मी सांभाळतो. मी विचारलं, मी काय दुरुस्त करू? त्या म्हणाल्या, "सध्या पाना खाली ठेवा आणि ऐका." ते काम मला अजिबात येत नाही, पण शिकतोय.

तुझा,
नावापुरता कारागीर भाऊ

ता. क. भाऊजींच्या पाठीची चौकशी हे नुसतं निमित्त होतं. तू आठ दिवस येशील का? परवा हिने विचारलं, "ताईंना कधी असं झालं असेल का हो?" मी फाडकन म्हणालो, छे, आमची ताई कायम हसतमुख! आणि तिथेच जीभ अडखळली. भाचा झाला तेव्हा तू माहेरी तासन्‌तास बाथरूमचा नळ सोडून आत बसायचीस. मी बाहेरून ओरडायचो, "पाणी वाया जातंय!" आणि एक दिवस मोठ्या हुशारीने नळाचा वॉशर बदलला होता.

ता. क. दुसरा. तो नळ गळत नव्हता, हे मला अठरा वर्षांनी कळलं. ताई, माझं चुकलं. आमचा नळ मात्र सध्या खरोखरच गळतोय. तू येईपर्यंत मी त्याला हात लावत नाही. या वेळी आधी विचारीन.